कौमुदी दिघे यांचा जबाब

बडोद्यात मांजलपूरच्या राजतारा सोसायटीत जयंती सोलंकी गटारात उतरून मेला, त्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी चर्चा झाली ती वासाची होती. झाकण किती वेळ उघडं राहणार, मुलांना खाली खेळायला सोडावं की नाही, मंडपवाला आता आज येणार की उद्या, असं लोक विचारत होते. कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मग सगळ्यांनी टाकलं. हात जोडून झाल्यावर चर्चा पुन्हा वासावर आली. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कौमुदी दिघे हे सगळं वाचत बसल्या होत्या आणि त्यांना आपल्या शेजाऱ्यांची मनापासून किळस येत होती.

ही किळस त्यांना नवी नव्हती. तिच्यासोबत त्यांनी जन्म काढला होता.

कौमुदीबाई गाणी लिहायच्या. आजोबा गायकवाडी राज्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी, वडील संस्कृतचे प्राध्यापक, घर दांडिया बाजारात. अशा घरातल्या मुलीनं चंद्र, मोगरा, सखी यांच्यावर गाणी लिहिली असती तर बडोद्यातल्या मराठी मंडळींनी तिचं कौतुकच केलं असतं. पण कॉलेजात असताना तिनं पहिलं गाणं लिहिलं ते बंद पडलेल्या गिरणीच्या दारात बसलेल्या कामगारांसाठी, आणि ते कागदावर न ठेवता तिथं जाऊन म्हटलं. वडील चार दिवस बोलले नाहीत. नंतर बोलले ते एवढंच, की वृत्त सांभाळ.

पुढं तिच्याभोवती एक छोटं पथक जमलं. त्यात धनाजी मोहिते होता. त्याचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि घरात अजून त्यांची तलवार भिंतीवर टांगलेली होती. धनाजीकडं डफ होता आणि लहरीपुरा दरवाज्यापासून बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा आवाज. कौमुदी मराठीत आणि गुजरातीत लिहायची, धनाजी गायचा. साड्यांच्या दुकानांसमोर ते उभे राहत आणि दुकानदार त्यांना गिऱ्हाईक अडवता म्हणून हाकलत. विश्वामित्रीच्या काठची एक वस्ती पाडली तेव्हा कौमुदीनं जे गाणं लिहिलं, ते मात्र हाकलणाऱ्यांच्याही तोंडी बसलं:

आम्ही नदीकाठची माणसं,
आमचा सातबारा पाण्यावर;
तुम्ही पुसा आमचं नाव,
ते उमटेल पुन्हा वाळूवर.

हे गाणं गाजलं आणि तिथूनच कौमुदीबाईंना टाळ्यांचा तिटकारा जडला. महिला मंडळं एकसारख्या साड्या नेसून ते म्हणायला लागली. शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलं हातात कागदी होड्या घेऊन त्यावर नाचली. ज्या अधिकाऱ्यानं उभं राहून ती वस्ती पाडून घेतली होती, त्याच्या निवृत्तीच्या समारंभातही ते म्हटलं गेलं, आणि तो पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता. कौमुदीबाईंना तिथं मानानं बोलावलं होतं. त्या दुसऱ्या कडव्याला उठून बाहेर आल्या आणि रिक्षा मिळेपर्यंत फुटपाथवर उभ्या राहून त्यांनी त्या माणसाला, गाणाऱ्या बायकांना आणि हार घालणाऱ्या आयोजकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. पुढं एका पक्षाची माणसं निवडणुकीचं गाणं लिहून घ्यायला आली. त्यांना चहा देऊन त्यांनी वाटेला लावलं. टेलिफोन खात्यातली नोकरी होती, नवरा नारायण शांत माणूस होता, घर चालत होतं. कुणाचं मिंधं होण्याची वेळ आली नाही आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

धनाजीचं तसं झालं नाही. तो धनाजीराव झाला. जमिनींच्या दलालीत शिरला, पांढरे कपडे घालू लागला आणि पुढं बडोदे गीतसंवर्धन मंडळाचा अध्यक्ष झाला. नारायणराव गेल्यावर कौमुदीबाईंचा मुलगा नील यानं मांजलपूरला फ्लॅट घेतला, तेव्हा तळमजल्यावर धनाजीराव आधीच राहत होता आणि सोसायटीचा चेअरमनही तोच होता. चारचौघांत तो त्यांना आता कौमुदीताई म्हणायचा. ज्याच्याबरोबर एका बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढले, त्याच्या तोंडून ताई ऐकताना कौमुदीबाईंना वाटायचं, हा मला मखरात बसवून स्वतः मोकळा होतोय.

दरवर्षी गणपतीत तो स्टेजवर त्यांची ओळख करून द्यायचा. आपल्या सोसायटीचं भूषण, अन्यायाविरुद्धचा आवाज वगैरे. भूषण खाली मान घालून मोदक खायचं.

त्या वर्षी गणपती दोन दिवसांवर आले असताना सोसायटीची गटार तुंबली. घाण पाणी बरोबर मंडपाच्या जागेवर पसरलं. गटार साफ करायचं महापालिकेचं मशीन दोन दिवसांनी येणार होतं. सोसायटीचा सेक्रेटरी हार्दिक हा मोटारींच्या शोरूममध्ये मॅनेजर होता आणि आपल्या नावाखाली सेवक असं लिहायचा. त्याला दोन दिवस थांबणं जमेना. त्यानं एका ठेकेदाराला फोन केला, ठेकेदारानं जयंती सोलंकीला आणि त्याच्या एका जोडीदाराला पाठवलं.

कौमुदीबाई तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी खाली पाहिलं. जयंतीनं झाकण काढलं, वाकून पाहिलं आणि मागं सरला. खाली गॅस आहे, झाकण थोडा वेळ उघडं राहू द्या, नाहीतर मशीन येऊ द्या, असं तो म्हणाला. हार्दिक म्हणाला, "अरे उतर ने भई, पाच मिनिटांचं काम आहे." जयंती तरी उभाच राहिला. तेव्हा तळमजल्याच्या ओट्यावरच्या झोपाळ्यात, आपल्या हिंचक्यात, बसलेला धनाजीराव ओरडला, "उरक लवकर, मंडपवाले खोळंबलेत." त्याचा आवाज अजून तसाच होता. दोन इमारतींपलीकडं ऐकू जाणारा.

जयंती उतरला. कौमुदीबाईंना वरून हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारायची हे सुचेपर्यंत तो दिसेनासा झाला होता. थोड्या वेळानं वर उभा असलेला त्याचा जोडीदार त्याचं नाव घेऊन किंचाळू लागला. अग्निशमन दलाची गाडी आली, जयंतीला बाहेर काढलं. मग लोक गॅलऱ्यांत आले. पदर, रुमाल, हाताला येईल ते नाकाला लावून बघत राहिले.

गणपती ठरल्या दिवशीच बसला. जागा फिनाइलनं धुऊन घेतली होती. आरतीआधी धनाजीरावानं माइकवर दुःखद घटना असा उल्लेख केला आणि सगळ्यांना क्षणभर उभं राहायला सांगितलं. सगळे उभेच होते, कारण आरती सुरू व्हायची होती. तोपर्यंत सोसायटीत एक गोष्ट पक्की ठरून गेली होती: तो माणूस दारू प्यायलेला होता आणि आपण होऊन उतरला. हे कुणी ठरवलं ते कुणी सांगत नव्हतं, पण बालवाडीतली मुलंसुद्धा तेच सांगत होती.

कौमुदीबाई आरतीला गेल्या नाहीत. त्यांनी दार लावून गाणं लिहिलं. एका बैठकीत झालं. आधी मराठीत, मग गुजरातीत.

कुणी म्हणालं, उतर खाली,
उतरला तो अंधारात;
वर उजेडाच्या काठावर
उभी होती सारी जात.

लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. शेवटच्या ओळीतल्या दोन्ही अर्थांवर त्या खूश होत्या. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीत जयंतीच्या घरी गेल्या. त्याची बायको कमला एका दवाखान्यात ठेक्यावर झाडूपोछा करायची. भिंतीला टेकून बसली होती, आजूबाजूला नात्यातल्या बायका. कौमुदीबाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि विचारून गुजरातीतलं गाणं म्हटलं. बायका रडू लागल्या. कमला रडली नाही.

तिनं विचारलं, "कुणी म्हणालं म्हणजे कुणी?"

कौमुदीबाई म्हणाल्या की गाण्यात नाव घालत नाहीत. गाणं एका माणसाचं राहत नाही, सगळ्यांचं होतं.

"तुम्ही तिथं होता?"

"होते. वर गॅलरीत."

"कोण बोललं ते ऐकलं?"

"ऐकलं."

कमला भिंतीपासून सरळ झाली. मग ती म्हणाली, "पोलीस म्हणतात साक्षीदार नाही, त्याचा जोडीदार गावी पळाला. तुमच्या सोसायटीतल्या सगळ्यांनी सांगितलं, आम्ही घरात होतो. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही इथं येऊन मला गाणं ऐकवता. ते मला नको. त्याचं नाव कुठं गाऊ नका."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. एका म्हातारीनं पाण्याचा पेला पुढं केला होता, तो कौमुदीबाईंनी घेतला, प्यायल्या आणि बाहेर आल्या. रिक्षात बसल्यावर त्यांना राग आला. आधी कमलाचा. आपण जन्मभर या लोकांसाठी लिहिलं, आणि ही मला तोंड फिरवून दाखवते. घर येईपर्यंत तो राग ओसरला आणि त्या जागी आलं ते जास्त वाईट होतं. वस्ती पाडणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर आपण चिडलो, आणि आपल्या गाण्यानं कुणाचंही नाव न घेता ते पाणी काढलं होतं. नाव असतं तर तो रडला नसता. नाव नव्हतं म्हणूनच तो पहिल्या रांगेत बसू शकला.

घरी न जाता त्यांनी रिक्षा पोलीस ठाण्याकडं वळवायला सांगितली.

तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली. वयाचा मान ठेवून बोलला. एवढ्या उंचीवरून नीट ऐकू येत नाही, भास होतात, शिवाय शेजाऱ्यांशी वैर कशाला, असं त्यानं समजावलं. कौमुदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्या टेलिफोन खात्यात होत्या, आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकून ओळखणं हेच काम होतं, तेव्हा आता लिहून घ्यावं. त्यानं घेतलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग कमलाला आणि वस्तीतल्या बायकांना घेऊन गेल्या. ठाण्याच्या आवारात त्या सगळ्या बसून राहिल्या, तेव्हा जबाब घेतला गेला. त्यात दोन नावं होती. हार्दिक आणि धनाजीराव मोहिते.

त्या संध्याकाळपासून राजतारा सोसायटीनं कौमुदीबाईंशी बोलणं सोडलं. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की लोकांना एकदम जिना चढून व्यायाम करावासा वाटायचा. सून सानवी घरी शिकवणी घ्यायची, तिची मुलं एकेक करून यायची बंद झाली. नील चिडला होता. तो आईला म्हणाला की तुझं ध्येय मला मान्य आहे, पण राहायचं आम्हाला आहे. कौमुदीबाई म्हणाल्या, "मग तू सांग ना, काय करू? ऐकलं नाही म्हणू?" तो उठून आत गेला. तसं म्हण, एवढं तोंडानं म्हणायची लाज त्याच्यात शिल्लक होती आणि त्याबद्दल त्यांनी त्याला मनातून माफ केलं.

हार्दिक एकदा वर आला. दारातच उभा राहून म्हणाला, "आंटी, तमे तो कलाकार छो. तुम्हाला हे शोभत नाही." त्यांनी दार लावून घेतलं.

मग धनाजीराव आला. दुपारची वेळ होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. तो सोफ्यावर बसला, पाणी मागितलं, आणि दोघांच्या तरुणपणाबद्दल बोलू लागला. लहरीपुऱ्याच्या दुकानदारांची आठवण काढली. मग म्हणाला की मंडळ यंदा पहिला जीवनगौरव देणार आहे, तुझ्या सगळ्या गाण्यांचं पुस्तक काढणार आहे, नामांकित गायकांकडून ती गाऊन घेणार आहे. ताई गळून पडली होती. बऱ्याच वर्षांनी तो अगं-तुगंवर आला होता.

"बोल काय हवंय," कौमुदीबाई म्हणाल्या.

"हार्दिकचं नाव राहू दे. तो बोललाच होता, सगळ्यांना माहीत आहे. माझं काढ. मी नुसता हिंचक्यात बसलो होतो, कौमुदी."

"हार्दिकला ठाऊक आहे, तू माझ्याकडं हे मागायला आलास ते?"

धनाजीरावानं पाण्याचा एक घोट घेतला.

"पोरगा तुझ्या शब्दावर उड्या मारतो. त्याला तू देऊन टाकतोयस."

"त्याचं वय आहे. निभावून नेईल. माझी आता काय उमर राहिली? जेलमध्ये मरू का मी?"

 कौमुदीबाईंना वाटलं होतं की हा माणूस आपली तत्त्वं विकून मोठा झाला. पण त्याच्यापाशी विकण्याजोगं कधी काही होतं का, हाच आता प्रश्न होता. आवाज होता, तो अजूनही होता. आत बाकी काही नसेल तर एवढा मोठा आवाज निघतो, असं त्यांच्या मनात आलं.

त्या म्हणाल्या, "जयंती नाही म्हणून उभा होता. हार्दिकनं सांगितलं तरी तो हलला नव्हता. तुझ्या आवाजावर तो उतरला, धनाजी. तुझं नाव मी काढणार नाही. आता जा."

तो उठला. दारापाशी पोचल्यावर म्हणाला, की तू नेहमीच माणसांपेक्षा स्वतःवर जास्त प्रेम केलंस. कौमुदीबाईंनी यावर विचार केला आणि ते पूर्ण खोटं नाही असं त्यांना वाटलं. पण त्यामुळं जबाबात काही फरक पडत नव्हता.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मुलांनी ‘आम्ही नदीकाठची माणसं’ म्हटलं. कुणी लिहिलं ते कुणी सांगितलं नाही. कौमुदीबाई वर आपल्या खोलीत होत्या, खिडकी उघडी होती. ज्या बायका त्यांना पाहून जिन्याकडं वळत त्याच खाली ताल धरून टाळ्या वाजवत होत्या, आणि मुलं चांगली गात होती. त्यांनी खिडकी लावली. गाणं पूर्ण झाल्यावर वन्स मोअर आला, तो बंद खिडकीतूनही ऐकू आला.

खटला उभा राहायला बराच काळ लागला. सोसायटीतले बाकीचे साक्षीदार घरात होतो, टीव्ही पाहत होतो, डुलकी लागली होती असं सांगून गेले. जयंतीचा जोडीदार ठेकेदाराच्या भीतीनं गावी निघून गेला होता. राहिल्या कौमुदीबाई. त्यांची उलटतपासणी घ्यायला हार्दिक आणि धनाजीराव यांचा वकील उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात त्यांच्याच गाण्यांची जुनी पुस्तिका होती. मंडळानं कधीकाळी छापलेली. ती त्याला कुणी दिली हे सांगायची गरज नव्हती.

त्यानं अदबीनं विचारलं की ही गाणी तुमचीच ना. त्या हो म्हणाल्या. मग त्यानं गुजराती वळणाच्या मराठीत एक ओळ वाचली आणि न्यायाधीशांसाठी तिचा गुजरातीत अर्थ सांगितला.

"आमचा सातबारा पाण्यावर. पाण्यावर सातबारा असतो का, बेन?"

"नसतो."

"भिंतींना आज रडू फुटलं. तुम्ही भिंतींना रडताना पाहिलं आहे?"

"नाही."

"म्हणजे न पाहिलेलं लिहायची तुम्हाला सवय आहे. नसलेलं आहे असं सांगायची. त्यावर लोक टाळ्या वाजवतात, तुम्हाला आवडतं."

मागच्या बाकांवर राजतारातली मंडळी बसली होती. काहीजण हसले. कमला दाराजवळ उभी होती. तिनं कौमुदीबाईंकडं पाहिलंही नाही, ती न्यायाधीशांकडं पाहत होती.

 ही गाणी त्यांच्या आयुष्याची कमाई होती. तिचा बचाव करायचा तर उपमा म्हणजे काय, कवितेतलं सत्य कोणतं, हे सगळं त्यांना बोलता आलं असतं. दांडिया बाजारातल्या घरात तेच शिकवलं होतं. आणि हा वकील तेच बोलून घ्यायला टपला होता, म्हणजे बाई कवी आहेत हे त्यांच्याच तोंडून सिद्ध झालं असतं.

त्या म्हणाल्या, "हो. ते खोटं आहे. भिंती रडत नाहीत. वस्ती पाडली तेव्हा बायका रडल्या, त्यांची नावं मला ठाऊक होती, ती मी लिहिली नाहीत. भिंती लिहिलं. ते गाणं होतं. गाण्यात मी नावं लपवली. इथं मी गाणं म्हणायला आले नाही. हार्दिक म्हणाला, उतर ने भई, पाच मिनिटांचं काम आहे. धनाजीराव मोहिते हिंचक्यावरून म्हणाले, उरक लवकर, मंडपवाले खोळंबलेत. यात मी एक शब्द घातलेला नाही आणि एक काढलेला नाही. पुस्तक बंद करा आणि हे विचारा."

वकिलानं आणखी बरंच विचारलं. उन्हाची तिरीप, चष्म्याचा नंबर, कुकरच्या शिट्ट्या. कौमुदीबाई त्याच त्या दोन वाक्यांवर राहिल्या. प्रत्येक वेळी तीच, त्याच शब्दांत. जन्मभर त्यांनी एक कल्पना दहा तऱ्हांनी सांगितली होती. एकच गोष्ट एकाच तऱ्हेनं सांगत राहणं किती अवघड आहे, हे त्यांना त्या पिंजऱ्यात कळलं.

निकाल लागला तेव्हा ठेकेदाराला आणि हार्दिकला शिक्षा झाली. हार्दिकनं ठेकेदाराला केलेला फोन सापडला होता, त्यामुळं बाईंच्या सांगण्याला आधार मिळाला. धनाजीराव सुटला. हिंचक्यावरून कोण काय म्हणालं याला एकट्या बाईंच्या शब्दापलीकडं पुरावा नव्हता. हार्दिकची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात धनाजीरावाचा हात धरून रडत होती आणि तो तिला धीर देत होता. गीतसंवर्धन मंडळानं पुढच्याच महिन्यात त्याचा पंचाहत्तरीचा सत्कार केला. त्यात त्यानं डफावर ‘आम्ही नदीकाठची माणसं’ म्हटलं, आणि म्हणे सभागृह उभं राहिलं.

कौमुदीबाईंनी ही बातमी वाचली. वाईट वाटलं का, असं सानवीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की ते गाणं आता त्याचंच आहे, त्याला शोभतं.

कमला निकालानंतर एकदा घरी आली. लिफ्टनं आली, आणि लिफ्टमधल्या दोन बायका तिला पाहून उतरून गेल्या हे तिनं हसत सांगितलं. तिच्या बोलण्यात आभार नव्हते. ती कामासाठी आली होती. कारेलीबागेत एका सोसायटीत तिचा मावसभाऊ झाडायला जायचा. तिथं गटार तुंबली होती आणि आज कुणाला तरी आत उतरवणार होते. पोलिसांना फोन केला तर येतो म्हणाले, आले नव्हते. "चालो," ती म्हणाली. कौमुदीबाईंनी पायांत चपला घातल्या. सानवीनं स्कूटरची किल्ली घेतली, पण तिघी एका स्कूटरवर मावणार नव्हत्या, म्हणून रिक्षा केली.

कारेलीबागेतल्या त्या सोसायटीत झाकण निघालेलं होतं आणि एक तरुण बनियनवर उभा होता, कमरेला दोरी बांधून. कमला सरळ जाऊन झाकणाच्या कडेवर उभी राहिली. तिला बाजूला सारायला एक गृहस्थ पुढं आले. धुतलेला कुर्ता, कपाळावर गंध. त्यांचं लक्ष कौमुदीबाईंकडं गेलं आणि चेहरा उजळला. मराठी होते. त्यांनी हात जोडले.

"कौमुदी दिघे ना? आमचं भाग्य. तुमचं ते नदीवरचं गाणं, काय सांगू, मी आजही ऐकलं की डोळ्यांत पाणी येतं."

"तुमचं नाव काय?" कौमुदीबाईंनी विचारलं.

त्यांनी आनंदानं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव, वडिलांचं नाव, आपण सोसायटीचे चेअरमन आहोत हेसुद्धा. कौमुदीबाईंनी ते एकदा मोठ्यानं, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारलं, आणि विचारलं की या मुलाला खाली उतरायला तुम्हीच सांगितलंत ना.

गृहस्थांच्या चेहऱ्यावरचं सगळं कौतुक पुसलं गेलं. त्यांना एकाएकी काहीतरी आठवलं असावं, वर्तमानपत्रात वाचलेलं. त्यांनी कमलाकडं पाहिलं, मग वर गॅलऱ्यांत जमलेल्या माणसांकडं. छे, छे, मी कुठं, असं ते पुटपुटले. त्या तरुणाला त्यांनी दोरी सोडायला सांगितली आणि मशीनसाठी फोन लावला. त्यांना पश्चात्ताप झाला नव्हता. त्यांना भीती वाटली होती, आणि कौमुदीबाईंना ती टाळ्यांपेक्षा पुष्कळ बरी वाटली.

मशीन यायला दुपार झाली. तोवर तिघी तिथंच एका पायरीवर बसून राहिल्या. कुणी चहा विचारला नाही.